मार्लवाईचा वर्ग

आर्किटेक्चर, कलेचा इतिहास किंवा मानववंशशास्त्र घेऊन पदवीचं शिक्षण घेणारी मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. आदिलाबादकडे आलो तर आमच्या विषयाचं काय बघायला मिळेल?

पहिल्या दोन विषयांचं उत्तर सोपं आहे. आर्किटेक्चरवाल्यांनी आदिलाबाद शहराजवळच्या जैनथला जावं. तिथलं लक्ष्मीनारायणाचं काळ्या दगडाचं देऊळ आणि परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख पाहावा. कलेचा इतिहास शिकणाऱ्यांनी जैनूर मंडळातलं उशेगाव गाठावं. तिथले ओझा कारागीर मेण वितळवून पितळेच्या मूर्ती ओततात. त्या 'आदिलाबाद डोकरा'ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

तिसऱ्या विषयासाठी मात्र मी मार्लवाईचं नाव सांगतो, आणि ऐकणारा बहुधा निराश होतो. कारण तिथं 'बघण्यासारखं' फारसं काही नाही. आदिलाबादहून गुडीहतनूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर असं करत पोचायचं. छोटं गोंड गाव, आणि गावात एका परदेशी नवराबायकोच्या समाध्या. जिल्ह्याची २०१६ साली फाळणी झाल्यापासून हे गाव कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं. पण आपल्या भागात विद्यापीठाचा विषय आणि खेड्यातली शाळा एकत्र कुठं उभी राहिली असेल, तर ती इथंच. आजचं टिपण त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. जंगल राखीव झालं, कसलेली जमीन हातची गेली, वर चौकीदारांची वसुली सुरूच. या जाचाविरुद्ध कुमरम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. बंड मोडलं, पण हे लोक चिडले का, हा प्रश्न सरकारला सुटला नाही. त्या दशकात हैदराबादेत डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन नावाचे वरिष्ठ इंग्रज अधिकारी होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर त्यांनी १९३८ साली पुस्तक लिहिलेलं होतं. कारण समजून घ्यायचं तर कुणीतरी गोंडांत जाऊन राहिलं पाहिजे, हे त्यांना पटत होतं.

असा माणूस हाताशी होता. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म १९०९, व्हिएन्नाचे. तिथंच शिकले, पुढे लंडनला मालिनोवस्कींच्या वर्गात बसले, मग नागा टेकड्यांत काम केलं. १९३९ साली ते भारतात असताना महायुद्ध पेटलं. पारपत्र जर्मन, म्हणजे शत्रुदेशाचा माणूस! त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावं लागलं. चेंचू आणि रेड्डी यांच्यात काम करून ते १९४१ साली गोंडांकडे आले आणि पत्नी एलिझाबेथसह मार्लवाईत घर करून राहिले. एक प्रकारची नजरकैदच ती, पण त्यातून पुस्तकं निघाली. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे १९४८ साली छापलं गेलं.

त्या पुस्तकात चार सगांची व्यवस्था आहे, पेर्सा पेनाची पूजा आहे, पहांदी कुपार लिंगलच्या कथा आहेत. पण हे सगळं सांगितलं कुणी? परधानांनी. परधान हे गोंडांचे परंपरेचे गायक. खांद्याला किकरी लावून यजमानाच्या कुळाची कथा रात्रभर गाणारे. आता गंमत बघा, या परधानांच्या घरची बोली मराठी आणि गायचं ते गोंडीत. म्हणजे गोंडांचं सगळं पुराण मराठी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी पाठ होतं. लंडनच्या ग्रंथालयात ते पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला, आपण वाचतोय ती कथा कुठल्या घरातून आली, याचा पत्ता सहसा नसतो.

पण मार्लवाईचं मोठेपण या पुस्तकापुरतं नाही. १९४३ साली तिथं गोंड शिक्षणाची योजना सुरू झाली. आधी मुलांची शाळा नव्हे, शिक्षकांचा वर्ग. मराठी अक्षरओळख असलेले मोजके गोंड तरुण जमवले. त्यांना लिहिणं-वाचणं, हिशेब, आरोग्य, शेतीची माहिती शिकवली, आणि मग गावोगाव शाळा उघडून तिथं नेमलं. वाचनमाला गोंडी भाषेत, लिपी देवनागरी. का, तर आसपासचा व्यवहार मराठीत चाले. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात किनवट आणि राजुराही होते, हे विसरू नये. आधी गोंडी, मग मराठी, मग सरकारी कामापुरती उर्दू, असा तो क्रम होता.

१९४३ हे साल मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतं, पण दुसऱ्याच कारणानं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांचं आदिवासींवरचं पुस्तक आलं. आदिवासी हे मागे राहिलेले हिंदूच, असं घुर्यांचं म्हणणं. दुसरीकडे व्हेरियर एल्विन, त्यांना वेगळं राखून वाचवा म्हणणारे. हा वाद आजही परीक्षेला येतो. पण मिसळावं की वेगळं राहावं यावर पुस्तकांतून वाद चालू असताना मार्लवाईतला गोंड तरुण फळ्यावर स्वतःच्या भाषेत अक्षर काढत होता. त्याची गरज साधी होती. पट्ट्यावर काय लिहिलंय ते वाचता यावं, सावकाराची वही कळावी. वादात न बसणारं हे तिसरं उत्तर अभ्यासक्रमात यायला हवं, असं मला वाटतं.

हायमेनडॉर्फ पुढे निजाम सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागार झाले, आणि १९४५ ते १९४९ उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापकही. म्हणजे हैदराबादेतल्या वर्गात जे शिकवलं जाई, त्याचा पाया आदिलाबादच्या डोंगरांतला होता. तिथून ते लंडनच्या 'सोआस'मध्ये गेले आणि तिथला मानववंशशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला.

त्याच दशकात आपला एक माणूसही या कामात होता. सेतु माधवराव पगडी. आपण त्यांना शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. निलंग्याचे हे गृहस्थ अधिकारी म्हणून आदिलाबादेत आले आणि गोंडी शिकले. नुसतं बोलण्यापुरतं नव्हे, १९५४ साली त्यांनी गोंडीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्याआधी इथल्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. मराठी वाचकाला त्यांची ही बाजू फारशी ठाऊक नाही.

शाळेच्या जोडीला जमिनीचं काम झालं. १९४९ पर्यंत जिल्ह्यात सुमारे १,६०,००० एकर जमीन ११,०००हून अधिक आदिवासींच्या नावावर लागली. इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. १९५६ साली भाषावार प्रांत झाले. किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्रात. शाळेची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतल्या गोंडी वाचनमाला मागे पडल्या. पंचवीस-तीस वर्षांनी हायमेनडॉर्फ परत फिरले तेव्हा दिलेल्यापैकी कितीतरी जमीन बाहेरच्यांच्या हाती गेलेली त्यांनी पाहिली. १९८२ च्या पुस्तकात त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २० एप्रिल १९८१ ला, इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता. सरकारी आकडा १३ मृतांचा. वर्गात १९४८ चं पुस्तक शिकवायचं आणि १९८२ चं वगळायचं, हे बरोबर नाही.

एलिझाबेथ ११ जानेवारी १९८७ ला हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला गेले, त्यांच्या अस्थीही पुढे इथंच आणून ठेवल्या. दरवर्षी ११ जानेवारीला गावकरी तिथं जमतात.

शेवटी एक गोष्ट. १९४३ साली वाचनमाला देवनागरीत काढल्या, कारण गोंडी ही लिपी नसलेली भाषा असंच तेव्हा धरलं जाई. आणि मार्लवाईहून फार दूर नसलेल्या नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावात वेगळ्याच लिपीतली गोंडी हस्तलिखितं घराघरांत जपलेली होती! विद्यापीठाच्या जगाला ती कळायला २००६ च्या आसपासचा काळ उजाडला. काही हस्तलिखितं सुमारे १७५० ची असावीत, असं अभ्यासक सांगतात. २०१८ साली ती लिपी युनिकोडमध्ये आली.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच, की जैनथ, उशेगाव, मार्लवाई जरूर करा, पण नुसते फोटो काढून परतू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, जुनी पेटी उघडायला सांगा. आणि किनवट, राजुरा, उटनूर, जैनूर भागातल्या वाचकांना विनंती. तुमच्या आजोबांपैकी कुणी त्या गोंड शाळेत शिकलं किंवा शिकवलं असेल, एखादी देवनागरीतली गोंडी वाचनमाला, हजेरीपट, शिक्षकाच्या नेमणुकीचा कागद घरात असेल, तर रद्दीत घालू नका. स्वच्छ उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा, कुणाकडून काय ऐकलं ते तारखेसह लिहून ठेवा आणि मंडळाला कळवा. मार्लवाईच्या शाळेबद्दल आपण आजवर हायमेनडॉर्फ यांच्या तोंडूनच ऐकलं आहे. तिथं फळ्यासमोर बसलेल्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं राहून गेलंय.