सिकलसेल आणि सहा महिन्यांची सवलत

तळोद्याकडून चांदसैली घाट चढून धडगावला आले, की डोंगरउतारांवर भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे दिसू लागतात. या भागाला सिकलसेल हे नाव नवे नाही. तरी एका प्रश्नाशी मी नेहमी अडखळतो. जन्मतः गुटगुटीत असलेले बाळ सहाव्या महिन्याच्या सुमारास हातपाय सुजून का रडू लागते? अशा वेळी घरात बोट दाखवले जाते ते आईकडे. तिने काय खाल्ले, तिचे दूध बाधले का? (शहरातली शिकलेली घरेही यात मागे नाहीत.)

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका पकडला. बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावे बदललेले होते. जनुकाच्या लिपीत ही एका अक्षराची चूक. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तिची नोंद झाली.

पण ही चूक तर गर्भापासूनच असते. मग ती इतके महिने गप्प कशी बसते? उत्तर दिले ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी, १९४८ मध्येच. या इतिहासात मला त्याच सर्वांत जवळच्या वाटतात. नवजात बाळाच्या पेशी फारशा वाकत नाहीत, कारण त्यांत अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते, असे त्यांनी सांगितले. ते बनवणारे जनुक वेगळे आणि निर्दोष. जन्मानंतर ते हळूहळू थंडावते, बीटा जनुक जोमाने कामाला लागते आणि चूक उघडी पडते. आईच्या दुधाचा संबंधच नाही. शिवाय सदोष जनुक एकट्या आईचे नसते, एक तिच्याकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते.

काहींमध्ये गर्भातले हिमोग्लोबिन पुरते थांबत नाही. १९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना झाली, तेव्हा ओडिशात ते जास्त आणि आजार काहीसा सौम्य आढळला. पश्चिम भारतातल्या आदिवासींमध्येही हाच प्रकार आहे. पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही, इथेही जीवघेणी दुखणी येतातच. हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. अमेरिकेत सिकलसेलसाठी ते १९९८ मध्ये मंजूर झाले; आपला नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षीचा. गर्भातल्या जनुकाला थोपवणारे बीसीएल-११ए हे जनुक २००८ मध्ये ओळखले गेले आणि त्याचे काम रोखणारा उपचार २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर.

धडगावपुरता विचार करता मला याहून निकडीची वाटते ती एक साधी गोष्ट. गावोगावी वापरली जाणारी स्वस्त विद्राव्यता चाचणी पहिल्या सहा महिन्यांत फसते. जे हिमोग्लोबिन बाळाला वाचवते, तेच चाचणीपासून आजार लपवते. तेवढ्या लहान बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासला, तर आजार कळतो. तो तिथे पोहोचला नाही, तर ‘दोष नाही’ असा कागद घेऊन आई पाड्यावर परतते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळाची बोटे सुजतात.