विशारद म्हणजे बीए नव्हे! जळगाव-धुळ्यात संगीतात पदवी घ्यायची तर काय लागतं?

बारावीचा निकाल लागला की खान्देशातल्या अनेक घरांत हा प्रश्न निघतो. मुलगी शाळेपासून गाण्याच्या क्लासला जाते, एकेक परीक्षा देत 'विशारद' झालेली असते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "विशारद म्हणजे पदवीच की, आता संगीतात बीए कशाला?"

इथेच गल्लत होते आणि ती पुढे नोकरीच्या अर्जावेळी महागात पडू शकते.

विशारद आणि बीए यांत फरक काय?

विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. गावोगावचे क्लास आज याच मंडळाच्या परीक्षांना विद्यार्थी बसवतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा या सात पायऱ्या आहेत. त्यानंतर अलंकार येतं.

संगीताच्या जगात या परीक्षांना मान आहे. पण १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार 'पदवी' देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. त्यामुळे जाहिरातीत 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलं असेल, तर फक्त विशारदच्या प्रमाणपत्रावर काम भागेल असं धरून चालू नये. संगीत शिक्षकासारख्या काही पदांना विशारद चालतं, पण ते त्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

खान्देशात पदवी कोण देतं?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. हे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात संगीत विभाग आहे. हे महाविद्यालय स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालय ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते.

बीए कला शाखेची पदवी असली, तरी बारावीला कलाच हवी असं नसतं. विज्ञान किंवा वाणिज्य घेऊन बारावी झालेल्यांनाही बीएकडे वळता येतं.

सगळं गाणंच शिकवतात का?

नाही. नव्या विद्यार्थ्यांना सर्वात मोठा धक्का इथेच बसतो.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी क्रेडिट म्हणजेच श्रेयांकांवर मोजली जाते. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झालं. यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यांची ढोबळ वाटणी अशी:

- मुख्य विषय, म्हणजे मेजर (इथे संगीत): ६०
- मायनर विषय: २४
- इतर शाखांचे विषय: ९
- भाषा: ८
- कौशल्य: ९
- मूल्यशिक्षण, पर्यावरण वगैरे: ६ ते ८
- इंटर्नशिप: २ ते ४

महाराष्ट्रात या गटांची नावं आणि आकडे थोडे वेगळे आहेत. तीन वर्षांचे एकूण क्रेडिट १२० ते १३२ असतात. पण मुद्दा तोच राहतो. साधारण निम्मी पदवी संगीताची, निम्मी बाकीची. आवाज कितीही तयार असला तरी भाषेच्या पेपरात नापास झालेल्याची पदवी अडकते.

एक क्रेडिट म्हणजे किती तास?

थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला मात्र एका क्रेडिटसाठी ३० तास लागतात. समजा एका सत्रात गायनाचं प्रात्यक्षिक ४ क्रेडिटचं आहे. म्हणजे १२० तास झाले. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ८ तास. शिवाय घरचा रियाज वेगळा, त्याचे क्रेडिट मिळत नाहीत.

म्हणून धुळ्याहून किंवा चाळीसगावहून रोज ये-जा करण्याचा विचार असेल, तर आधी वेळापत्रक पाहावं. नोट्स मित्राकडून घेता येतात, चुकलेला प्रात्यक्षिकाचा तास तसा भरून काढता येत नाही.

मध्येच शिक्षण थांबलं तर?

पहिल्या वर्षानंतर किमान ४० क्रेडिट आणि जोडीला ४ क्रेडिटचं व्यावसायिक काम पूर्ण असेल, तर सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनंतर ८० क्रेडिटवर, तशाच अटीने, डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, पण सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. लग्न, शेती किंवा पैशांची अडचण यामुळे थांबावं लागलेल्यांसाठी ही तरतूद मोलाची आहे.

तीन वर्षं की चार?

चौथं वर्ष केलं तर १६० क्रेडिटची 'ऑनर्स' पदवी मिळते आणि पुढे एमए एका वर्षात होऊ शकतं. तीन वर्षांवर थांबलं तर एमए दोन वर्षांचं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात.

महाविद्यालयात संगीताचं प्राध्यापक व्हायचं असेल, तर नेहमीचा मार्ग म्हणजे ५५ टक्क्यांसह एमए आणि नेट किंवा सेट. नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणी-दूरदर्शनच्या 'अ' श्रेणीच्या कलाकारांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत वेगळी वाट आहे. पण त्या वाटेवरही संबंधित विषयातली पदवी मागितली आहे.

प्रवेशाआधी काय विचारावं?

- संगीत 'मेजर' म्हणून आहे की फक्त 'मायनर'? मायनर असेल तर ती संगीतातली पदवी होत नाही.
- गायन, तबला, हार्मोनियम यांपैकी नेमकं काय शिकवलं जातं?
- चौथं वर्ष याच महाविद्यालयात आहे का?
- सोबत कोणता मायनर घेता येतो?

विशारद झालेल्याला बीएचा प्रात्यक्षिकाचा भाग नक्कीच सोपा जातो, आणि बीए झालं म्हणून गुरूकडची तालीम संपत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. फक्त एक दुसऱ्याची जागा घेईल असं समजून अर्ज भरू नये.