‘गुन्हेगारी’ शब्दाचा अर्थ व गुन्हेशास्त्राचें अध्यापन

पेशवाईंतील निवाडपत्रें वाचणारास ‘हरकी’ व ‘गुन्हेगारी’ हे शब्द नवे नाहींत. वाद जिंकणारानें सरकारांत भरावयाची ती हरकी. हरणारानें भरावयाची ती गुन्हेगारी. म्हणजे गुन्हेगारी ही तेथें रक्कम आहे, मनुष्याचा स्वभाव नव्हे. ती फेडली कीं संपली. एवढ्यावरून जुना न्याय निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. हातपाय तोडण्याच्या शिक्षाही त्याच दप्तरांत सांपडतात. चोरीच्या प्रकरणीं मनु शूद्रास आठपट दोष लावतो, तर जाणत्या ब्राह्मणास चौसष्टपट. परंतु त्याच अध्यायांत ब्राह्मणास देहदंड माफ आहे. आमचे शास्त्री पहिलें वचन मोठ्यानें म्हणतात; दुसऱ्यापाशीं त्यांचा घसा बसतो.

गुन्हा रक्तांतून उतरतो हें मत राज्यकारभारांत रुजविलें तें १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें. पारधी, कैकाडी अशा सबंध जमातींची पुढें नोंदणी झाली, हजेरी सुरू झाली. कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. संशय रद्द झाला नाहीं.

या मताचें खंडन मुंबईंत जेथें शिकविलें गेलें, तें स्थळ ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९३६ सालीं नागपाड्याच्या दाट वस्तींत सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याची पाठशाळा निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले प्रमुख. तीच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था झाली व १९५४ सालीं देवनारास गेली. तेथील गुन्हेशास्त्राच्या शाखेंतून १९९० सालीं ‘प्रयास’ हा उपक्रम निघाला. त्यामुळें या विषयाचा अभ्यास लालबागेजवळच्या आर्थर रोड तुरुंगांतील कच्च्या कैद्यांपर्यंत गेला. जामीन मंजूर होऊनही हा मनुष्य आंतच कां, हा तेथला प्रश्न. आणि उत्तर बहुधा दंडसंहितेंत नसून जामीनदार नसणें, घराचा पत्ता नसणें, यांत असतें. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, दारिद्र्य हा हेतु धरावयाचा कीं हेत्वाभास, याची ही परीक्षा होय.

१८८२ सालीं टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस होते. आगरकरांचें त्यावरील पुस्तक आपण जपून ठेवतों, तें योग्यच. त्याच उमरखाडीच्या वास्तूंत पुढें मुलांचें निरीक्षणगृह आलें. त्या मुलांचा वृत्तांत आमच्या संग्रहांत नाहीं. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, रद्दींत एखादी जमातीच्या हजेरीची वही आढळल्यास ती सनदेप्रमाणेंच उचलावी. मात्र छापतांना त्यांतील नांवें झांकावीं. त्यांचे नातू-पणतू याच शहरांत कामास जातात.