दारूचा कायदा आणि परसातले झाड

मुंबई इलाख्यातल्या दारूच्या कायद्याची गोष्ट झाडांपासून सुरू होते. कोकण किनाऱ्यावर भंडारी माडाची माडी आणि ताडाची ताडी काढीत. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरपट्ट्यात वारली, कातकरी मोहाची फुले आंबवून घरच्या घरी दारू गाळीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे दोन्ही उद्योग सरकारच्या हिशेबात आणले. या धोरणामागचा प्रमुख माणूस म्हणजे अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड. माडी काढायची तर झाडागणिक कर आणि परवाना, मग ते झाड स्वतःच्या परसात का उभे असेना. घरगुती भट्ट्या बेकायदा ठरल्या. दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकायची, अशी घडी बसली. लोकांनी कमी प्यावे असे सरकार तोंडाने म्हणत असे. तिजोरीचा कल मात्र वेगळा होता.

घरची भट्टी मोडूनही मोह उरलाच. १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर व विकण्यावर बंधने आली. आदिवासी घरात मोहाचे फूल हे अन्नही होते. ते वाळवून ठेवीत, भाजून खात, टंचाईत पिठात मिसळून त्याची भाकरी करीत. कायदा करणाऱ्यांना त्या टोपलीत फक्त दारू दिसली.

काँग्रेसच्या चळवळीने या प्रश्नाला नैतिक वळण दिले. दारूच्या दुकानांवरचे पिकेटिंग हा असहकाराचा भाग होता, त्यामुळे १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर दारूबंदी टाळणे शक्यच नव्हते. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते नामवंत हृदयरोगतज्ज्ञ, आणि पारशी. दारूच्या व्यापारात पारशांचा वाटा मोठा, तेव्हा समाजाचा रोष आपल्याच माणसावर उसळला. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडणारा महसूल भरून काढायला त्याच वर्षी शहरी स्थावर मालमत्तेवर भाड्याच्या मूल्याच्या दहा टक्के कर बसवला गेला. ज्याने जन्मात थेंब चाखला नाही अशा घरमालकालाही दुसऱ्याच्या सुटलेल्या पेल्याची किंमत मोजावी लागली! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कर टिकला. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडत गेली.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी झाली. या कायद्याचा आवाका थक्क करणारा होता. दारू करणे, विकणे, पिणे तर गुन्हा होतेच. ती घरात बाळगणे, इतकेच काय, तिची शिफारस करणेही गुन्हा. त्याच माडाचा रस रात्री चुना लावलेल्या मडक्यात उतरवून पहाटे प्यायला तर ती नीरा, सरकारमान्य आरोग्यदायी पेय. मडके उन्हात राहिले आणि रस आंबला की तीच माडी. वैधता आणि गुन्हा यांत काही तासांचेच अंतर होते.

या आवाक्याला आव्हान मिळाले ते बलसारा खटल्यात. अर्जदाराने व्हिस्की, ब्रँडी, बिअरबरोबरच औषधी वाइन, यू-डी-कोलोन आणि लव्हेंडर वॉटरही बाळगण्याचा हक्क मागितला होता. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, निकालपत्र न्या. फझल अली यांचे. पिण्याच्या दारूवरची बंदी कायम राहिली. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाचे पाठबळ तिला होते. पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगू न देणे हे मालमत्तेच्या हक्कावरचे अवाजवी बंधन ठरले. शिफारशीबद्दलचे कलमही भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून रद्द झाले.

या निकालाचा एक धागा पुढे पोलिसांच्या गळ्यात अडकला. अपघातात सापडलेल्या एका जीपचालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता. आपण औषध घेतले होते, असे त्याने सांगितले. औषधातला मद्यार्क कायदेशीर ठरला असल्याने नुसत्या वासावरून गुन्हा सिद्ध होत नाही, असे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९५९ च्या दुरुस्तीने मग रक्ततपासणीची तरतूद आली आणि रक्तातले ०.०५ टक्के मद्यार्काचे प्रमाण ही रेघ ठरली. अंमलदाराचा हात आता घरातल्या कपाटावरून माणसाच्या शिरेपर्यंत पोहोचला होता.

बंदीच्या काळात ऐपतदारांसाठी परवाने होते. डॉक्टरच्या दाखल्यावर आरोग्य परवाना मिळे, परदेशी पाहुण्यांची व पर्यटकांची वेगळी सोय होती. गरिबाला नवसागर घातलेली हातभट्टी. ती टायरच्या ट्यूबमधून शहरात येई आणि गल्लीबोळातल्या ‘आंटी’च्या अड्ड्यावर खपे. त्यातून गुन्हेगारी टोळ्या पोसल्या गेल्या. महाराष्ट्र वेगळा झाल्यावर वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत धोरण सैल झाले आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. गुजरातने मात्र बंदी सोडली नाही.

महाराष्ट्रातही मूळ कायदा रद्द झालेला नाही, फक्त नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. त्यामुळे दारू पिणाऱ्याला कागदोपत्री आजही परवाना लागतो. हॉटेलांवरची ‘परमिट रूम’ ही पाटी त्याचीच खूण. परवाना खिशात बाळगणारे गिऱ्हाईक विरळाच. दुसऱ्या टोकाला गावाच्या इच्छेचा मार्ग आहे. स्त्रियांच्या मतदानात निम्म्याहून अधिक मतदार स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर गावातले दुकान बंद होते. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर बंदी आहे, चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली.

मोहाची फुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंधही राज्य सरकारने २०२१ मध्येच हटवले. त्यांची दारू गाळायला परवाना अजूनही लागतो.