दोघांचे एक ताट

पारनेरकडच्या लग्नघरी आपण पाहिलेच असेल. नवरानवरी एकमेकांना घास भरवतात, आणि त्याआधी नाव घ्यावे लागते. पण दुसऱ्या दिवसापासून काय? पूर्वी कारभारी आधी जेवायचा, कारभारीण सगळ्यांच्या मागून. दोघांचे जेवण त्या एका घासावरच आटोपायचे!

पाऊस हुलकावणी देई, म्हणून तालुक्यातली कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तो खाणावळीत जेवे, ती गावी मागे राही. त्याच मुंबईत इराण्यांची हॉटेले निघाली होती. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे. अशा अनेक हॉटेलांत लाकडी आडोशाची 'फॅमिली रूम' असे. तिथे नवराबायको समोरासमोर बसून चहा-मस्कापाव घेत. तेवढ्यालाही आडोसा लागे!

आज १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन या ख्रिस्ती संताच्या नावाच्या दिवशी, तरुण जोडपी मोठ्या हॉटेलांत उघडपणे जेवतात. १९९० नंतर ही चाल आपल्याकडे रुजली. तिला हसू नये. मात्र गुरुजींनो, वर्गात मुलांना एवढे विचारा: घरी आई केव्हा जेवते? तिचे ताट वडिलांच्या ताटाशेजारी मांडले जाईल, तेव्हाच लग्नातला तो घास खरा झाला म्हणायचा.