माझे चार चित्रपट आणि आमचा जिल्हा

इतिहासाच्या शिक्षकाला पुस्तकांची यादी मागणारे पुष्कळ भेटतात. चित्रपटांची यादी मागणारा विरळा. तरीही अठ्ठावीस वर्षे हा विषय शिकवल्यानंतर मला असे वाटते की, बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतल्या मराठी माणसाला स्वतःचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर त्याने दहा ग्रंथांच्या जोडीला चार चित्रपटही पाहावेत. ते चारही माझे आवडते आहेत हे खरे. पण केवळ आवडीपोटी हा लेखनप्रपंच नाही. आमच्या भागाविषयी जे शाळेत शिकायला मिळाले नाही आणि घरातही कुणी मोकळेपणाने बोलले नाही, ते या चित्रपटांनी माझ्यापुढे मांडले.

आधी थोडा भूगोल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निझामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबादचा बराचसा भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, कल्याणी हा मुलूख म्हैसूर राज्यात आला. ज्यांच्या सोयरिकी उदगीर-निलंग्याला होत्या, त्यांचे व्याही एका रात्रीत परप्रांतीय झाले.

गंमत अशी की, हा नवा नकाशा चित्रपटांच्या धंद्याने पुरता मानला नाही. वितरकांनी देशाचे जे विभाग पाडले होते, त्यांतल्या एकाचे नाव 'निझाम' असे होते. संस्थान गेले, हैदराबाद राज्यही गेले, तरी हिंदी चित्रपटांच्या व्यवहारात तेलंगण, मराठवाडा आणि आपले जिल्हे या एकाच नावाखाली नांदत राहिले. त्याहीपूर्वी, सीमावादाचे नावही नव्हते तेव्हा, कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' (१९३४) तयार झाला तो कोल्हापुरातल्या छत्रपती सिनेटोनमध्ये. 'प्रभात'च्या 'माणूस' (१९३९) मध्ये मैनेची भूमिका करून मराठी मनात घर करणारी नायिका शांता हुबळीकर. तिच्या आडनावातच तिचे गाव आहे. राज्यांच्या सीमा आखण्यापूर्वी कलावंतांची ये-जा सुरू होती आणि आखल्यानंतरही ती थांबली नाही.

आमच्या पिढीने हे चित्रपट पाहिले ते बहुतेक तंबूत. जत्रा भरली की टुरिंग टॉकीज यायची. संध्याकाळी कर्ण्यावर भक्तिगीत लागले की तिकिटे सुरू झाली असे समजायचे. मध्ये दोर बांधून एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. यंत्र एकच असल्यामुळे दर रिळाला अंधार आणि शिट्ट्या. एका रात्री दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' (१९७१), तर दुसऱ्या रात्री राजकुमारांचा 'बंगारद मनुष्य' (१९७२). प्रेक्षक तेच, आणि दोन्ही रात्री मनापासून हसणारे आणि रडणारे. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाची मायबोली कोणती, हे मला त्याच्या हसण्यावरून कधी ओळखता आले नाही.

पहिला चित्रपट 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'प्रभात'चा हा चित्रपट १९३६ सालचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सर्वज्ञात आहे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम पाहताना हा नट अभिनय करतो आहे असे वाटतच नाही. पण माझे मन दर वेळी गुंतते ते गौरी यांच्या जिजाईत. पांडुरंगावर चिडणारी, म्हशीशी बोलणारी, पोरांच्या तोंडी घास कसा पडेल याची चिंता वाहणारी ही बाई म्हणजे कोरडवाहू मुलखातली कुठलीही आई. तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती चुलीपाशीच राहते. संताच्या चरित्रात संसाराची बाजू इतक्या न्यायाने मांडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

हा चित्रपट आमच्या भागात आणखी एका कारणाने महत्त्वाचा. १९६३ मध्ये सुंदरराव नाडकर्णी यांनी 'संत तुकाराम' कन्नडमध्ये केला आणि त्यात तुकोबा झाले राजकुमार. त्याआधी १९५९ मध्ये 'जगज्ज्योती बसवेश्वर' हा कन्नड चित्रपट आला होता. ज्या कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी श्रमाला पूजेचे मोल दिले, ते कल्याण म्हणजे आपलेच बसवकल्याण. एका बाजूला शरणांची वचने, दुसऱ्या बाजूला वारकऱ्यांचे अभंग, आणि ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटले तो विठ्ठल मधोमध. आमच्या गावांत एकाच घरातली सासू वचन म्हणते आणि सून अभंग. तुकोबांना कन्नड बोलताना पाहून आमच्याकडे कुणाला नवल वाटले नसेल, ते याचमुळे.

दुसरा चित्रपट 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे पहिलेच दिग्दर्शन. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. जब्बार पटेल मूळचे पंढरपूरचे आणि शिकले सोलापुरात, म्हणजे आमच्या शेजारचेच. साखर कारखान्याच्या जोरावर गावाचा राजा झालेले हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी भटकत आलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न हा मास्तर विचारत राहतो. त्याच्या हातात सत्ता नाही, पैसा नाही, अब्रूही फारशी उरलेली नाही. पण त्या एका प्रश्नाने हिंदुरावांचे सगळे साम्राज्य हादरते.

ऊस, सहकार, पुढारी हे सगळे आमच्या जिल्ह्यांतही आले. त्याने अनेक घरांत दोन वेळची चूल पेटली हे मान्य केलेच पाहिजे. 'सामना'सुद्धा ते नाकारत नाही. म्हणून तर हिंदुराव निव्वळ खलनायक वाटत नाहीत. विकास झाला म्हणून हरवलेल्या माणसाचा हिशेब विचारायचा नाही का, हे मात्र तो ठामपणे विचारतो. इतिहास म्हणजे तरी दुसरे काय? सनावळी पाठ करून घेणारे आम्ही शिक्षक पुष्कळ. मारुती कांबळेचे काय झाले असे विचारणारे थोडे.

तिसरा चित्रपट 'निशांत' (१९७५). हा हिंदी, पण त्याला परका कोण म्हणेल? पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शक हैदराबादेत वाढलेले श्याम बेनेगल, आणि मास्तरच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. कथा १९४५ च्या सुमाराची, सरंजामी राजवटीतल्या एका खेड्यातली. गावात नव्याने आलेल्या शाळामास्तरच्या बायकोला जमीनदाराचे भाऊ उचलून नेतात. मास्तर फौजदाराकडे जातो, वकिलाकडे जातो, कलेक्टरकडे जातो. सगळीकडून हात हलवत परततो. शेवटी देवळाचा पुजारी आणि तो मिळून गाव जागे करतात आणि गाव वाड्यावर चालून जाते.

इथवर हा चित्रपट सुखावतो. खरा 'निशांत' त्यानंतर सुरू होतो. उठलेले गाव जमीनदाराला मारते, पण तिथे थांबत नाही. ज्यांचा दोष नाही तेही त्या लाटेत सापडतात. ज्या बाईसाठी हे सारे पेटले, तीही त्यातून सुटत नाही. जागृती करणाऱ्या मास्तरच्या हातात आता काहीच उरलेले नसते.

मी कॉलेजात असताना दूरदर्शनवर हा चित्रपट लागला होता. आमच्या आळीत एकच संच, त्यामुळे पंचवीस-तीस माणसे जमलेली. त्यांत शेजारचे तात्या होते. माळकरी, सत्तरीच्या आसपासचे. रझाकारांच्या काळातल्या गोष्टी ते रंगवून सांगत. गाव रात्री कसे रानात झोपायचे, धान्य कसे पुरून ठेवायचे, गोरट्याला १९४८ मध्ये काय झाले, हे सारे मी त्यांच्याच तोंडून ऐकले होते. त्या दिवशी वाड्यावर लोक चालून गेले तसे तात्या उठले आणि काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी कारण विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, पहिला अर्धा शिनेमा मी लोकास्नी शंभर डाव सांगितलाय. दुसरा अर्धा कुणाला सांगितला न्हाई."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे वाचनातून उलगडला. पोलीस कारवाईनंतर संस्थानातल्या काही जिल्ह्यांत सुडाचा वणवा पेटला आणि रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेली सामान्य मुसलमान कुटुंबे त्यात होरपळली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालात सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले आहेत, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानातल्या मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा होता. हा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. २०१३ मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. त्याच अहवालात जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत. रझाकारांचे अत्याचार खरे आणि त्यानंतरचा सूडही खरा. एकाने दुसरा पुसला जात नाही. हे मला व्याख्यानातून कदाचित पटले नसते. 'निशांत'मुळे पटले, कारण त्या गर्दीत मीही मनाने काठी घेऊन उभा होतो.

चौथा चित्रपट कन्नड. नाव 'बर', म्हणजे दुष्काळ. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरून एम. एस. सथ्यू यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तो केला. त्याची हिंदी आवृत्ती 'सूखा'. तिला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. विशेष म्हणजे त्याचे चित्रीकरण आपल्या बीदर भागातले. नायक अनंत नाग, घरची भाषा कोकणी, रंगभूमीवरची उमेदवारी मुंबईत. ते झाले आहेत जिल्हाधिकारी. जिल्हा दुष्काळग्रस्त जाहीर व्हावा म्हणून हा प्रामाणिक अधिकारी धडपडतो. पण दुष्काळ पडला आहे हे ठरवणार आभाळ नव्हे, राजधानीतले राजकारण. धान्य गुदामात आहे आणि माणसे उपाशी आहेत. या भुकेचे रूपांतर पाहता पाहता दंग्यात होते.

आमच्या काळ्या रानातल्या भेगा मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिल्या त्या इथे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांना मिलोची भाकरी आणि खडी फोडण्याची कामे आठवतात. तेव्हा खडीच्या ढिगावर भाषा विचारली जात नव्हती. आमचा भाग मागास राहिला हे राज्यघटनेनेही मान्य केले. २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१-ञ हे कलम आले आणि २०१९ मध्ये 'हैदराबाद कर्नाटक'चे 'कल्याण कर्नाटक' झाले. नाव बदलले ते चांगलेच झाले. पण दुष्काळाची फाईल कोणत्या टेबलावर अडते, हे समजून घ्यायला 'बर'इतका सोपा पाठ मला दुसरा सापडलेला नाही.

आता या चारांकडे एकत्र पाहू. एक मराठी संतपट, जो पुढे कन्नडमध्येही आला. एक मराठी राजकीय चित्रपट. मराठी लेखकाने लिहिलेला आणि कन्नड नाटककाराने मुख्य भूमिका केलेला एक हिंदी चित्रपट. आणि आपल्याच मातीत घडलेला एक कन्नड चित्रपट. यांतला एक जरी वगळला तरी आमच्या जिल्ह्याची गोष्ट अपुरी राहते. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत, मराठी वाचली-लिहिली गेली पाहिजे, यासाठी मी आयुष्यभर झटलो आणि यापुढेही झटेन. पण भाषेचा अभिमान बाळगताना इतिहासही एकाच भाषेत मावतो असे मानले, तर आपण आपल्याच घराची अर्धी दारे बंद करून घेऊ.

तंबू गेले, तालुक्यांतली कित्येक थिएटरे पडून तिथे मंगल कार्यालये आणि दुकाने उभी राहिली. आज ते चित्रपट पाहायला जत्रेची वाट पाहावी लागत नाही. मोबाईलवरही जुने चित्रपट सापडतात. अवघड झाली आहे ती दुसरीच गोष्ट. १९४८ पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९५६ ची आणि १९७२ ची माणसे अजून आहेत, पण तीही थकली आहेत. म्हणून गेली काही वर्षे मी दहावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत निबंध देत नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा, तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत लिहून घ्या, असे सांगतो. आणि निघताना फळ्यावर एकच सूचना लिहितो: आजोबा थांबले, की "पुढं काय झालं?" असे विचारायला विसरू नका.