ऊस कारखान्याला गेला, पैसे कधी? तारखेत दिवस आणि महिने मिळवताना कोड कुठे चुकतो?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड आणि भीमा नदीच्या काठाने ऊस मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. ऊस कारखान्याला गेला की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, पैसे कधी जमा होणार?

ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर द्यावा लागतो. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागतं. म्हणजे तारीख एका दिवसाने चुकली तरी पैशांचा हिशेब बदलतो.

मग कॉम्प्युटर ही तारीख कशी काढतो? समजून घेऊया.

दिवस मिळवणं सोपं

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तारखांसाठी 'डेटटाइम' हे मॉड्यूल आहे. त्यातलं 'टाइमडेल्टा' कालावधी सांगतं. 20 फेब्रुवारी 2026 या तारखेत 14 दिवस मिळवले की उत्तर येतं 6 मार्च. हेच 2028 मध्ये केलं तर 5 मार्च, कारण ते लीप वर्ष आहे. फेब्रुवारी 28 चा की 29 चा, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

महिने मिळवताना गोंधळ

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो साधारण 16 ते 18 महिन्यांनी तोडणीला येतो. समजा, लागण 31 जुलै 2025 ला झाली. 16 महिने कधी पूर्ण होतील? नोव्हेंबरला 31 तारीखच नाही! त्यामुळे उत्तरं तीन येतात:

• 'टाइमडेल्टा'ला महिना कळत नाही. म्हणून महिना 30 दिवसांचा धरून 480 दिवस मिळवले, तर 23 नोव्हेंबर 2026.
• पायथनच्या 'डेटयूटिल' पॅकेजमधलं 'रिलेटिव्हडेल्टा' किंवा एक्सेलचं 'ईडेट' वापरलं, तर 30 नोव्हेंबर.
• जावास्क्रिप्टमध्ये 'सेटमंथ'ने महिना पुढे नेला, तर जास्तीचा दिवस पुढच्या महिन्यात जातो आणि येतो 1 डिसेंबर.

मग करायचं काय?

नियम दिवसांत असेल तर दिवसच मिळवा. महिन्यांत असेल तर 30 ने गुणू नका, महिने मोजणारं साधन वापरा. आणि कोड वापरण्याआधी 31 तारीख आणि 29 फेब्रुवारी टाकून एकदा तपासा. एरवी बरोबर चालणारा हिशेब नेमका तिथेच अडखळतो.